जुन्या शास्त्राचा नवा अर्थ : शुभवर्तमानकार आणि संतचरित्रकार

(परभणी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोदावरीच्या काठावरील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दमा आणि करुंड या शूद्र दांपत्याची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास दामाशेटी शिंप्यांच्या घरी आली आणि जन्मभर त्या घरची दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, पाणी भरणे, शेणी वेचणे ही तिची नित्याची कामे. परंपरेने तिच्याविषयी सांगितलेली साधी माहिती एवढीच. कीर्तनात मात्र जी जनाबाई उभी राहते तिच्या जात्याला प्रत्यक्ष विठ्ठल हात लावतो, देवाचे पदक चोरल्याचा आळ तिच्यावर येतो, तिला सुळी देण्यासाठी नेले जाते आणि सुळाचे पाणी होते. ही कथा ऐकताना श्रोत्यांच्या मनात सभेत ओढून आणलेली द्रौपदी उभी राहते, अग्नीत लोटलेला प्रल्हाद उभा राहतो. त्या आठवाव्यात अशीच कथेची ठेवण असते.

जे जनाबाईचे तेच नामदेवांचे. नामदेवांचे नरसी हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त नामदेव हे कृष्णसखा उद्धवाचे अवतार आहेत आणि दामाशेटींना ते नदीच्या प्रवाहात वाहत आलेल्या शिंपल्यात सापडतात. पाण्यावर वाहत आलेले मूल ही कल्पना महाभारताच्या श्रोत्याला कर्णाच्या पेटीवरून परिचित आहे. यहुदी श्रोत्याला ती नील नदीच्या लव्हाळ्यात ठेवलेल्या मोशेच्या पेटाऱ्यावरून तितकीच परिचित असते.

येथे प्रश्न उभा राहतो. चरित्रकार जेव्हा आपल्या नायकाचे चरित्र जुन्या पोथीतील प्रसंगांच्या साच्यात बसवतो, तेव्हा तो असत्य लिहीत असतो काय? की सत्य सांगण्याची ती त्याच्या काळाची रीत असते? हाच प्रश्न युरोपातील अभ्यासकांनी गेली दोनशे वर्षे ख्रिस्ताच्या चरित्रग्रंथांना, म्हणजे शुभवर्तमानांना, विचारला आहे. त्यातून जे निष्पन्न झाले ते केवळ ख्रिस्ती धर्मपंडितांच्या कामाचे नाही. जुना ग्रंथ कोणाच्या हाती असतो आणि त्याचा अर्थ कोण लावतो, हा प्रश्न समाजपरिवर्तनाच्या चळवळीत वावरणाऱ्या प्रत्येकापुढे आज ना उद्या येतोच.

शुभवर्तमानांची घडण

प्रथम काही तथ्ये ध्यानात घेतली पाहिजेत. येशू स्वतः यहुदी होता, त्याचे पहिले अनुयायी यहुदी होते आणि त्यांचा धर्मग्रंथ म्हणजे हिब्रू शास्त्र हाच होता. पुढे ख्रिस्ती मंडळींनी त्यालाच ‘जुना करार’ म्हटले. येशूच्या हयातीत ‘नवा करार’ नावाचे काही अस्तित्वात नव्हते. इ. स. ३० च्या सुमारास रोमन सत्तेने त्याला क्रुसावर दिले. पौलाची पत्रे त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिली जाऊ लागली. चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत जुने मार्काचे, ते इ. स. ७० च्या आसपासचे. मत्तय आणि लूक यांचे त्यानंतर दहा-वीस वर्षांनी आणि योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरीस रचले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्रंथांवर ही नावे दुसऱ्या शतकात चढली. मूळ ग्रंथकारांनी स्वतःचे नाव कोठेही सांगितलेले नाही.

हे चारही ग्रंथ ग्रीक भाषेत आहेत. त्यांचे कर्ते हिब्रू शास्त्र बहुशः ग्रीक भाषांतरातूनच वाचत. हे भाषांतर ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून मिसरातील अलेक्झांड्रिया येथील यहुदी विद्वानांनी केले होते. गलीलातील सुताराची अरामी बोली, यरुशलेमची हिब्रू पोथी आणि भूमध्य समुद्राकाठची ग्रीक बाजारपेठ अशा तीन भाषांच्या संगमावर हे लेखन उभे आहे.

अनुयायांपुढील अडचण केवढी मोठी होती, हे लक्षात घेतल्याखेरीज या लेखनाची प्रेरणा कळणार नाही. यहुदी जनतेला अपेक्षा होती ती दावीद राजाच्या वंशातील अभिषिक्त राजाची, परकीय सत्ता उलथून टाकणाऱ्या मसीहाची. प्रत्यक्षात ज्याला त्यांनी मसीहा मानले तो बंडखोरांना आणि गुलामांना दिल्या जाणाऱ्या शिक्षेने मेला. त्यातही मोशेच्या नियमशास्त्रात झाडावर टांगलेला माणूस शापित मानला आहे. अशा स्थितीत अनुयायांना दोनच मार्ग होते : घरी परत जाणे, किंवा शास्त्र पुन्हा उघडून त्यात या मृत्यूचा अर्थ शोधणे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. विजयी राजाची वचने बाजूला ठेवून ते शास्त्रातील दुःख भोगणाऱ्या नीतिमानाकडे वळले. बाविसाव्या स्तोत्रातील टाकून दिलेला आर्त भक्त आणि यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील लोकांसाठी घाव सोसणारा सेवक त्यांना तेथे भेटला.

म्हणूनच मार्काने लिहिलेले क्रुसावरील मरणाचे वर्णन बाविसाव्या स्तोत्राच्या धाग्यांनी विणलेले आहे. शिपाई चिठ्ठ्या टाकून वस्त्रे वाटून घेतात, जाणारे-येणारे माना डोलावून थट्टा करतात आणि मरणारा माणूस अरामी भाषेत त्या स्तोत्राच्या आरंभीचाच आक्रोश करतो. यांतील किती प्रसंग डोळ्यांनी पाहिलेले आणि किती स्तोत्रातून आलेले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते घटना आधी आणि शास्त्राचा आधार नंतर. काहींच्या मते मृत्यूच्या ठळक वस्तुस्थितीपलीकडचा तपशील बहुतेक शास्त्रातूनच आला. परंतु ग्रंथकाराच्या दृष्टीने हा भेदच नव्हता. त्याच्या मते जे शास्त्रात होते तेच घडले, आणि जे घडले त्याचा अर्थ शास्त्रातच होता.

ही वाचनपद्धती ख्रिस्ती लोकांनी निर्माण केलेली नव्हती. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरान येथील गुहांतून ज्या गुंडाळ्या मिळाल्या, त्यांत हबक्कूक या संदेष्ट्याच्या ग्रंथावरील एक भाष्य आहे. शेकडो वर्षांपूर्वी उच्चारलेले प्रत्येक वचन त्या भाष्यकाराने आपल्याच काळाला, आपल्याच पंथाच्या गुरूला आणि त्याच्या विरोधकांना लावून दाखवले आहे. शुभवर्तमानकार याच यहुदी परंपरेत वाढले होते. त्यांचा विरोध झाला तोही घरातल्या माणसांशी, घरातल्याच ग्रंथावरून.

साचा, संकेत आणि चुका

या लेखकांपैकी मत्तयाची पद्धत सर्वांत उघड आहे. अमुक संदेष्ट्याचे वचन पूर्ण व्हावे म्हणून हे घडले, असे तो दहाच्या आसपास ठिकाणी ठरावीक शब्दांत सांगतो. त्याचा येशू हा दुसरा मोशे आहे. फारोने इस्राएलांची अर्भके मारली तशी येथे हेरोद राजा बेथलेहेमातील अर्भके मारतो. मराठी श्रोत्याला येथे कंसाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मूल मिसरात जाऊन परत येते. मोशेने सीनाय पर्वतावरून नियमशास्त्र आणले, येशू डोंगरावर बसून प्रवचन करतो. येशूची शिकवण मत्तयाने पाच मोठ्या प्रवचनांत मांडली आहे, आणि मोशेचे ग्रंथही पाचच, याकडेही पुष्कळांनी लक्ष वेधले आहे.

मिसरातून परत येण्याच्या प्रसंगी मत्तयाने होशेयाचे जे वचन वापरले ते मूळच्या संदर्भात भविष्यकथन नव्हतेच. होशेय मागे वळून इस्राएल लोकांच्या दास्यमुक्तीची आठवण करून देत होता. मत्तयाने संपूर्ण राष्ट्राची कथा एका माणसाच्या ठायी आणून ठेवली. ज्यांना गुलामगिरीतून बाहेर काढले त्या लोकांचा इतिहास हा माणूस पुन्हा जगत आहे, असे त्याला सांगायचे होते.

या पद्धतीत घोटाळेही झाले. राजा लीन होऊन गाढवावर, गाढवाच्या शिंगरावर बसून येतो असे जखऱ्याच्या ग्रंथात आहे. एकच गोष्ट दोन चरणांत दोनदा सांगणे हा हिब्रू काव्याचा धर्म. मत्तयाने मात्र दोन जनावरे आणवली, आणि येशू त्या दोहोंवर बसला असा अर्थ निघेल असे वाक्य लिहिले. मार्काने आरंभीच यशयाचे म्हणून जे वचन दिले आहे, त्याचा पूर्वार्ध यशयाचा नसून मलाखी आणि निर्गम यांतील शब्दांचा जोड आहे. यशयाच्या सातव्या अध्यायात आहाज राजाला दिलेल्या खुणेत ‘तरुण स्त्री’ या अर्थाचा हिब्रू शब्द आहे. ग्रीक भाषांतरात तेथे ‘कुमारी’ असा शब्द आला आणि मत्तयाने त्याच्या आधारे कुमारीजन्माची कथा शास्त्राशी जोडली. एका भाषांतरित शब्दावरून यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यात शतकानुशतके वाद झाला.

जन्मस्थानाचा प्रश्न या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. येशू सर्वत्र नासरेथकर म्हणूनच ओळखला जात होता. मीखाच्या ग्रंथात मात्र इस्राएलचा अधिपती दाविदाच्या बेथलेहेमातून निघेल असे म्हटले आहे. मत्तयाच्या कथेत कुटुंबाचे घर बेथलेहेमातच आहे आणि ते पुढे भीतीने नासरेथास जाते. लूकच्या कथेत कुटुंब नासरेथचे आहे आणि शिरगणतीसाठी बेथलेहेमास येते. ज्या शिरगणतीचा तो उल्लेख करतो ती इ. स. ६ मधील, आणि हेरोद तर ख्रिस्तपूर्व ४ मध्येच मेला होता. दोन लेखकांनी एकमेकांना न विचारता एकच पेच दोन निरनिराळ्या वाटांनी सोडवला, हे येथे स्पष्ट दिसते. महापुरुषाच्या जन्मभूमीचा आग्रह किती तीव्र असतो, हे परभणी जिल्ह्याला सांगण्याची आवश्यकता नाही. नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, हा वाद जुना आहे. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीला निधी देण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली, तेव्हा १९ जानेवारीस शिर्डीत बंद पाळला गेला. मीखाचे वचन आणि शासनाचा निधी या भिन्न वस्तू खऱ्या, परंतु दोन्हीकडे थोर पुरुषाचे गाव ठरवण्यात पुढच्या पिढ्यांचे बरेच काही गुंतलेले असते.

दीनांच्या बाजूने केलेले वाचन

येथपर्यंतच थांबले तर हा सारा प्रकार वचनांच्या ओढाताणीचा वाटेल. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने ज्याकडे विशेष लक्ष द्यावे असा भाग लूकच्या ग्रंथात आहे.

मरीयेच्या मुखी लूकने जे गीत घातले आहे ते शमुवेलाची आई हन्ना हिच्या प्राचीन गीतावर बेतलेले आहे. निपुत्रिक म्हणून हिणवली गेलेली हन्ना देवाचे स्तवन करताना बलवानांची धनुष्ये मोडल्याचे आणि भुकेल्यांची भूक भागल्याचे गाते. लूकची मरीया, गलीलातील एक नगण्य खेडवळ मुलगी, तोच सूर पुढे नेते : अधिपती सिंहासनावरून खाली येतात, दीन वर चढतात, धनवान रिकाम्या हातांनी परततात. जुन्या ग्रंथातील एका अवमानित स्त्रीचा आवाज नव्या ग्रंथातील दुसऱ्या स्त्रीला मिळाला. या ठिकाणी जनाबाईचे स्मरण होते. ‘द्रौपदीवस्त्रहरण’, ‘थाळीपाक’ आणि ‘हरिश्चंद्राख्यान’ ही आख्याने परंपरेने तिच्या नावावर आहेत. दासीपण भोगणारी बाई जेव्हा भरसभेत दासी म्हणून ओढल्या गेलेल्या राणीची कथा गाते आणि डोंबाघरी राबणाऱ्या राजाचे आख्यान लावते, तेव्हा पुराण हे तिचे स्वतःचे दुःख सांगण्याचे साधन झालेले असते.

दुसरा प्रसंग नासरेथच्या सभास्थानातील आहे. शब्बाथाच्या दिवशी येशूच्या हाती यशयाची गुंडाळी दिली जाते. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी असा तो भाग. लूकने हे वाचन कसे रचले आहे ते मूळ ग्रंथाशी ताडून पाहण्याजोगे आहे. ते यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायातील आहे, परंतु ठेचल्या गेलेल्यांना मोकळे करण्याविषयीचा एक चरण अठ्ठावन्नाव्या अध्यायातून आणून त्यात बसवला आहे. तो अध्याय उपासतापास करणाऱ्या धनिकांना मजुरांच्या पिळवणुकीबद्दल फटकारणारा आहे. शिवाय मूळ वाक्यात पुढे देवाच्या सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख येतो, तो येण्यापूर्वीच वाचन थांबते. म्हणजे एक चरण आणला, एक चरण सोडला, आणि निवडीतून नवा अर्थ सिद्ध झाला.

या यशयाच्या वचनामागे आणखी जुना लेवीयातील योबेल वर्षाचा नियम आहे. दर पन्नासाव्या वर्षी गहाण गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत यावी आणि कर्जापायी दास झालेल्यांना घरी जाता यावे, असा तो नियम. तो प्रत्यक्षात कितपत पाळला गेला याविषयी अभ्यासकांना शंका आहे. तथापि सुटकेसाठी लेवीयाने वापरलेला हिब्रू शब्दच यशयाने वापरला आणि तोच आशय लूकने येशूच्या पहिल्या प्रवचनात आणला. सावकाराकडे गेलेल्या जमिनीची आणि सालदारीत अडकलेल्या माणसाची कथा मराठवाड्याला परकी नाही. म्हणून हा दुवा येथील वाचकाला पाश्चात्त्य शहरी वाचकापेक्षा लवकर उमगावा.

त्याच सभेत पुढे येशू दोन जुन्या कथा काढतो. दुष्काळात एलीया संदेष्टा स्वजातीच्या विधवांना सोडून सीदोन प्रांतातील सारफथच्या विधवेकडे गेला, आणि अलीशाने अरामी सेनापती नामान याचा कुष्ठरोग बरा केला. परक्यांवरील ही कृपा ऐकताच गावकरी संतापतात आणि त्याला कड्यावरून लोटू पाहतात. कथा त्यांच्याच शास्त्रातील होत्या, रोज वाचल्या जाणाऱ्या होत्या. त्यांच्या संतापाचे कारण त्या कथांतून काढलेला अर्थ हे होते. एलीयाने विधवेच्या मुलाला उठवून आईच्या हाती दिले, आणि लूकचा येशू नाईन गावच्या विधवेच्या मुलाला जवळजवळ त्याच शब्दांत आईच्या हाती देतो. अलीशाने वीस भाकरींत शंभर माणसे जेवू घातली आणि अन्न उरले. येशू पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजारांना जेवू घालतो आणि टोपल्या उरतात. मोठ्या पंक्तीची ही कथा भुकेल्या समाजात का टिकली, हे सांगावयास नको.

दोन मराठी रीती

मराठीत चरित्रलेखनाच्या दोन्ही रीती आढळतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या ‘लीळाचरित्रा’साठी स्वामींना पाहिलेल्या माणसांच्या गाठी घेऊन आठवणी जमवल्या. कोणत्या गावी, कोणाच्या ओसरीवर, काय बोलणे झाले, याची साधी गद्य नोंद हे त्या ग्रंथाचे बळ आहे. मूळ पोथी धामधुमीच्या काळात नष्ट झाली, तेव्हा अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली आणि निरनिराळ्या परंपरांचे पाठभेद राहिले. चार शुभवर्तमाने परस्परांशी जुळतात आणि जुळत नाहीत, त्याचे रहस्य ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने ‘लीळाचरित्रा’च्या पाठांचा इतिहास अवश्य पाहावा.

महिपतीबुवांची रीत निराळी. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांच्या आधारे आपण लिहितो, पदरचे काही घालीत नाही, असे ते प्रामाणिकपणे सांगतात. लूकही आरंभीच सांगतो की, आपल्या आधी पुष्कळांनी हे कथन हाती घेतले आहे आणि आपण सारे शोधून अनुक्रमाने लिहीत आहोत. दोघेही स्वतःला संग्राहक समजतात. आणि दोघांच्याही हातून संग्रह करताकरता जुन्या शास्त्राशी नव्या संताचा सांधा जुळवला जातो. नामदेव उद्धवाचे अवतार ठरले म्हणजे शिंप्याच्या मुलाला वैकुंठाची वंशावळ मिळते. त्यात सन्मान आहे. मात्र त्यात एक हानीही आहे. जात्यावर बसून स्वतःच्या बळाने गाणारी दासी पूर्वजन्मीच्या पुण्याईने थोर ठरली, तर या जन्मी तिला दासी ठेवणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारण्याचे कारण उरत नाही.

ग्रंथ सत्तेच्या हाती जातो तेव्हा

शास्त्राचा नवा अर्थ लावणारे जोवर दुर्बळ असतात तोवर तो अर्थ ही त्यांची आशा असते. तेच सत्ताधारी झाले की काय होते, याचा ख्रिस्ती इतिहासातील धडा भयंकर आहे. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतर यहुदी समाजात धर्माचा वारसा कोणाकडे, यावरून कटुता वाढली. त्या कटुतेच्या भरात मत्तयाने पिलाताच्या न्यायासनापुढील जमावाच्या तोंडी येशूच्या रक्ताचे उत्तरदायित्व स्वतःवर आणि मुलाबाळांवर घेणारे वाक्य घातले. लिहिणारा बहुधा स्वतः यहुदीच होता. त्याचे भांडण भाऊबंदकीचे होते. इ. स. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा राजधर्म झाला आणि तेच वाक्य एका संपूर्ण लोकसमूहाच्या छळाचे समर्थन बनले. यहुद्यांचे शास्त्र यहुद्यांपेक्षा आम्हांला अधिक कळते, त्यांचे संदेष्टे आमचे, ते स्वतः मात्र शापित, अशी ही विपरीत मांडणी होती. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, हे कॅथलिक चर्चच्या परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अधिकृतपणे जाहीर केले. त्याआधी वीस वर्षे युरोपात साठ लाख यहुद्यांचा संहार होऊन गेला होता.

मराठी भूमीवरही हा धडा लिहिला गेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ‘पहिल्या पुराणा’त हिब्रू शास्त्राची कथा, ‘दुसऱ्या पुराणा’त येशूचे चरित्र, सुमारे अकरा हजार ओव्या आणि मराठी भाषेची मनःपूर्वक स्तुती, असा तो ग्रंथ. शुभवर्तमानकारांनी जे यहुदी शास्त्राशी केले तेच स्टीफन्सनी पुराणांच्या घाटाशी केले. वैकुंठासारखे शब्द घेऊन त्यांत नवा आशय भरला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणे वाचण्याची बंदी होती, म्हणून त्यांना नवे पुराण हवे होते. या सुंदर ग्रंथाच्या जन्मामागे ही बंदीही आहे. त्याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायासन बसलेले होते. वनौषधींवरील ग्रंथाने जगभर नाव झालेला वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता असे ठरवून १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. मोशे आणि यशया यांची कथा ज्या भूमीत पुढे ओवीत गायिली गेली, तेथे त्यांच्या वंशजाच्या अस्थींनाही थारा मिळाला नव्हता.

तेथून फार दूर नसलेल्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर मात्र बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणून शेजाऱ्यांत निर्धास्त नांदत होते. १८७४ मध्ये पुण्यात त्यांचा वल्हांडण सणाचा हगादा मराठी भाषांतरासह छापला गेला. त्यातील चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका सणाच्या बेखमीर भाकरी करताना दिसतात. मिसरच्या दास्यातून सुटल्याची कथा मराठी घरात मराठीत वाचली जात होती, आणि त्यासाठी कोणाचाही ग्रंथ हिसकावून घ्यावा लागला नव्हता.

कार्यकर्त्यासाठी अर्थ

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना मत्स्यापासून वामनापर्यंतच्या अवतारकथा टाकून दिल्या नाहीत. त्या त्यांनी उलट बाजूने वाचल्या आणि पाताळात घातलेल्या बळीराजाच्या जागी उभे राहून इतिहास सांगितला; येशूलाही त्यांनी बळीच्याच परंपरेत बसवले. डॉ. आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात चार दृश्ये पाहून झालेल्या गृहत्यागाची रूढ कथा बुद्धीला पटत नाही म्हणून नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेल्या संघर्षाची कथा पुढे ठेवली. त्यांनी बदल केला तो कारणे देऊन, वाचकाच्या विवेकाला आवाहन करून. पहिल्या शतकातील लेखकांकडे ही सोय नव्हती. आजच्या लेखकाकडे ती आहे, म्हणून त्याच्यावर जबाबदारीही अधिक आहे.

केवळ श्रद्धेचे खंडन करण्यासाठी मत्तयाची दोन गाढवे दाखवून हसणारा कार्यकर्ता लूकचा योबेल गमावून बसतो. केवळ दीनांचा कैवार पाहून भारावलेला कार्यकर्ता मत्तयाच्या त्या रक्तवाक्याने केलेला अनर्थ विसरतो. दोन्ही एकत्र ध्यानात ठेवणे हाच ऐतिहासिक दृष्टीचा उपयोग आहे. ग्रंथ वाचताना तीन प्रश्न विचारावेत : मूळ वचन कोणाला उद्देशून होते, नव्या लेखकाने त्यातील काय घेतले व काय सोडले, आणि त्या अर्थाचा भार शेवटी कोणाच्या पाठीवर पडला?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर बंद, दंगल आणि धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेला एक तरुण मरण पावला. एका प्रतिकृतीसाठी वस्त्यावस्त्यांतून माणसे रस्त्यावर का आली, याचे उत्तर नासरेथच्या सभास्थानातील त्या वाचनात सापडते. ज्यांच्याजवळ जमीन नाही, वंशावळ नाही, सत्ता नाही, त्यांच्याजवळ कधी कधी फक्त एक लिखित वचन असते, आणि ते आज पूर्ण व्हावे एवढीच त्यांची मागणी असते. संविधानाला देव्हाऱ्यात बसवून हे होणार नाही. त्यातील समतेचे कलम गंगाखेडच्या ऊसतोड मजुराला, जिंतूरच्या भूमिहीनाला आणि कोठडीतल्या कैद्याला कसे लागू पडते, हे गावोगाव वाचून दाखवण्याचे काम कार्यकर्त्यांचेच आहे.